नीलव्वाची वही

नाशिकची गाडी पहाटे म्हापशाला सोडते.
तिथून डिचोली, डिचोलीहून कुडणे,
कंडक्टर अर्धा दाराबाहेर, ओरडत.
वळणावर उतरले आणि चार पावलांत
बॅगेची चाकं लाल झाली.
खाण बंद पडून किती वर्षं झाली,
माती अजून कामावर आहे.

दार नीलव्वानं उघडलं.
"या, बसा," म्हणाली. मला. माझ्या घरात.
मी बसले.
चपला कुठे काढायच्या तेही तिनंच दाखवलं,
जुन्या जागी आता सिलिंडर उभा असतो.

पपा खिडकीशी, नाकात नळी.
कोपऱ्यातलं यंत्र हवेतून प्राणवायू वेचत होतं
आई तांदळातून खडे वेचायची तसं,
मान वर न करता.
पपांनी डोळे न उघडताच त्याच्या घरघरीकडे कान दिला.
"बार्ज सुटली?"
एकतीस वर्षं मांडवीतून खनिज वाहणारा तांडेल.
"सुटली," नीलव्वा हात पुसत म्हणाली, "भरती आसा."
पपा निवांत झाले.
मी म्हणणार होते, पपा, मी आलेय.
मग वाटलं, भरतीच्या वेळी तांडेलाला
मागून हाक मारू नये.

आई आतल्या खोलीत,
खुब्यात सळई घातल्यापासून उताणी.
मला पाहून आधी रडली,
मग लगेच, "नुस्तें कोण हाडटलो?"
पडल्यापडल्या माझं माहेरपण सुरू केलं तिनं.
इसवण नको, महाग. बांगडे बघ.
डोळे बघून घे. तिरफळां ठेचूंक सांग तिका.

नीलव्वा गदगची. गळ्यात लिंग.
आयुष्यात मासा तोंडात घातला नाही,
पण आईच्या तोंडून ऐकऐकून हुमण करते.
आई आतून वास घेते आणि ओरडते, "मीठ!"
नीलव्वा मीठ घालते.
मी दारात उभी राहून हे सगळं बघत होते,
माझ्या हातात रिकामी पिशवी.

रात्री फ्रिजवर वही दिसली.
रोजचं एक पान.
९१. ८८. ९३. खाली १४०, ९०. युरिन ठीक असेल, ३०० लिहिलंय.
आकड्यांच्या मधे कानडी,
गोल अक्षरं, एकमेकांना टेकून बसलेली.
माझ्या आईबापाचे चौदा महिने
आणि मला त्यातले आकडे तेवढे कळतात.

"वाच की," म्हटलं.
तिनं आईचा चष्मा लावला.
"मंगळवार. पपा हसला. कारण काही नाही.
शुक्रवार. आईनं भांडण केलं. मीठ.
रविवार. लायट गेली, दीड तास. सिलिंडर लावला.
पपा विचारला, धक्क्याक लागलो?"
एक पान तिनं चटकन उलटलं.
"ते काय?"
"कांय ना."
"वाच."
"फोन आला नाही. आई म्हणाली, जेवले.
जेवली नाही."

मी तारीख पाहिली.
त्या दिवशी मी कुठे होते, आठवेना.
काही विशेष नसावं. ऑफिसात असेन.

यंत्र चालू होतं.
बराच वेळानं मी विचारलं,
"तुझ्या आईकडे कोण असतं?"
"भावाची बायको."
चष्मा काढून डबीत ठेवला तिनं.
"तिला लिहायला येत नाही."

निघायच्या दिवशी ती पुन्हा वहीत वाकलेली.
९४ दिसलं, पुढे एक लांबलचक ओळ.
विचारलं नाही.
पपा झोपलेले. मी त्यांच्या पायाला हात लावला,
तळवा गार, पण टणक, अजून डेकवर उभा असल्यासारखा.

फाटकाशी पोचले तर आई आतून,
"आमसुलां घेतलीं गो?"
"घेतली," ओरडले मी.
घेतली नव्हती.

बस वळणावर दिसत होती.
मी परत फिरले,
चपला काढल्या
नव्या जागी.